रेंज पुन्हा गेली: कार्ड पोर्ट करायचं की टॉवर सुधारायची वाट पाहायची?

जुलै महिना, रात्रीचे साडेबारा. आईच्या छातीत कळ आली आणि माझ्या फोनवर रेंजची एक काडीही नव्हती. लाईट संध्याकाळी सातलाच गेली होती. पावसात मोटारसायकल काढून सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या उघड्या माळावर गेलो, तिथून १०८ ला फोन लागला. गाडी आली, राजापूरला नेलं. पित्ताचा झटका होता, आई आता ठणठणीत आहे. पण सड्यावर एका हाताने फोन उंच धरून उभा होतो ती पंधरा मिनिटं मी विसरलेलो नाही.

आमच्या वाडीत या विषयावर दोन मतं आहेत. एक म्हणतो, 'पोर्ट मारून टाक (म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदल), त्या कंपनीत काही राम उरला नाही.' दुसरा म्हणतो, 'टॉवरचं काम निघालंय, जरा थांब.' दोन्ही मी दोन वर्षं ऐकली. आंब्याच्या मोसमात डोंबिवलीचं गिऱ्हाईक सकाळपासून फोन लावत राहायचं आणि त्याला 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर' ऐकू यायचं. पेटी मग दुसऱ्याकडून जायची. त्या रात्रीनंतर ठरवलं की तर्क पुरे झाले, आता नीट मोजायचं. मोजल्यावर जे हाती लागलं ते सविस्तर लिहितोय, कारण ही तक्रार फक्त आमच्या वाडीची नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, जीव वाचवणारी आहे. फोनवर 'फक्त आणीबाणीचे कॉल' असं दिसत असेल तर ११२ लावा. तुमच्या कंपनीची रेंज नसली आणि दुसऱ्या कुठल्याही कंपनीची असली, तरी ११२ चा कॉल त्या दुसऱ्या टॉवरवरून जाऊ शकतो. १०८ बद्दल ती खात्री धरू नका. त्या रात्री मला हे माहीत नव्हतं.

रोग एक नसतो

'रेंज नाही' हे 'अंग दुखतंय' म्हणण्यासारखं आहे. त्यावरून औषध ठरत नाही. मी भिंतीवरच्या कालनिर्णयवर, दुधाचा हिशोब लिहितात तशा, तीन आठवडे नोंदी केल्या. रेंज गेली की वेळ लिहायची, मी घरात कुठे होतो ते लिहायचं, लाईट होती का, शेजारच्याची रेंज होती का आणि सिग्नलचा आकडा किती होता तेही लिहायचं.

हा आकडा महत्त्वाचा. फोनच्या काड्यांवर विश्वास ठेवू नका. किती सिग्नलला किती काड्या दाखवायच्या हे प्रत्येक फोन बनवणारा आपल्या मनाने ठरवतो. खरा आकडा डीबीएममध्ये असतो, ते सिग्नलची ताकद मोजायचं एकक. अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग, मग 'अबाउट फोन', मग 'सिम स्टेटस' असं गेलं की बहुतेक फोनांत 'सिग्नल स्ट्रेंथ' सापडते. काही फोनांत *#*#४६३६#*#* दाबलं की पान उघडतं. आयफोनवर *३००१#१२३४५#* लावायचं. आकडा उणे असतो, म्हणून उणे ८० हा उणे ११० पेक्षा चांगला. फोर-जीला उणे ९० च्या आत असेल तर मजेत चालतं. उणे १०५ च्या पुढे कुरबुर सुरू होते. उणे ११५ च्या पुढे कॉल लागला तरी टिकेल याचा भरवसा नाही. आणि हे माप साध्या बेरजेचं नाही. दहाने आकडा घसरला की सिग्नलची ताकद दहावा हिस्सा उरते. अंगणात उणे ९८ आणि माजघरात उणे ११७ असेल, तर माजघरात अंगणाच्या जेमतेम सव्वा टक्का बळ उरतं.

तीन आठवड्यांनी नोंदी वाचल्या तेव्हा डोळे उघडले. एकाच घरात, एकाच कंपनीच्या रेंजला चार वेगवेगळी दुखणी होती, आणि प्रत्येकाचा इलाज निराळा होता. पोर्ट केल्याने त्यांतली निम्मीही बरी झाली नसती.

पहिलं: आईचा फोन

आईचा कॉल लागायचा आणि अर्ध्या मिनिटात तुटायचा. शेजारी बसून माझा कॉल मात्र चालू. आम्ही अदलाबदल केली. तिचं कार्ड माझ्या फोनमध्ये, माझं तिच्यात. तिचं कार्ड माझ्या चांगल्या फोनमध्येही टू-जीवरच अडकलं. म्हणजे दोष कार्डात. थ्री-जीच्या काळातलं जुनं सिम होतं. कंपनीच्या दुकानातून त्याच नंबरचं नवं कार्ड घेतलं. मग फोनच्या सेटिंगमध्ये व्होल्टी, म्हणजे फोर-जीवरून बोलण्याची सोय, बंद पडली होती ती चालू केली. अर्ध्या दिवसात प्रश्न मिटला. पोर्टचं नाव काढायचीही गरज पडली नाही.

ही अदलाबदल सगळ्यात आधी करा. खर्च शून्य, आणि फोन, कार्ड की टॉवर हे पाच मिनिटांत कळतं.

इथेच फोनच्या 'बँड'कडे एक नजर टाका. प्रत्येक कंपनी ठरावीक लहरींवर चालते आणि जुन्या किंवा परदेशातून आणलेल्या फोनांत त्यांतल्या काही नसतात. बीएसएनएलचं फोर-जी मुख्यतः ७०० आणि २१०० मेगाहर्ट्झवर आहे. फोनला ७०० चा, म्हणजे बँड २८ चा आधार नसेल, तर टॉवर सुधारला तरी लांबच्या घरात तुम्हाला त्याचा फायदा नाही. जिओला टू-जी, थ्री-जी नाहीच, म्हणून व्होल्टी नसलेल्या फोनवर साधा कॉलही होत नाही. पोर्ट करून वर फोनही बदलावा लागला असं नको.

दुसरं: माजघर

आमचं घर चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं. दीड फुटाच्या भिंती, आणि पावसाळ्यात पागोळ्यांना आडोसा म्हणून पडवीपुढे पत्रे. चिरा पाणी पितो, पत्रा तर लहरी परतच फिरवतो. अंगणातला आकडा ठीक आणि आतला वाईट असेल तर टॉवरवर राग काढून उपयोग नाही.

लहरींचा एक साधा नियम आहे. ७००, ८५०, ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात आणि भिंतीतून बऱ्यापैकी आत शिरतात. २३००, २५००, ३३०० च्या लहरी वेगवान नेट देतात, पण भिंतीपाशी आणि झाडापाशी दमतात. देशात फाइव्ह-जी १ ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालं ते बहुतांशी ३३०० च्या पट्ट्यावर. त्या वर्षीच्या लिलावात ७०० चा पट्टा खासगी कंपन्यांपैकी फक्त जिओने घेतला. म्हणून 'फाइव्ह-जी येतंय, मग माजघरात रेंज येईल' या आशेवर थांबू नका. सड्याच्या टॉवरवर ३३०० ची पेटी बसली तर एसटी थांब्यावर नेट पळेल, स्वयंपाकघरात फरक पडेलच असं नाही. उलट कडेच्या भागात फोन फोर-जी आणि फाइव्ह-जीमध्ये उड्या मारत बॅटरी खातो आणि कॉल अडखळतात. तसं होत असेल तर सेटिंगमध्ये फोर-जीवर ठेवून आठ दिवस पाहा.

घरातल्या रेंजवर चांगला इलाज आहे वाय-फाय कॉलिंग. घरी फायबरचं किंवा कसलंही स्थिर इंटरनेट असेल तर फोनच्या सेटिंगमध्ये ते चालू करा. कॉल मग टॉवरऐवजी वाय-फायवरून जातो. नंबर तोच, समोरच्याला वेगळं काही करावं लागत नाही. फायबरच्या डब्याला आणि राउटरला छोटा इन्व्हर्टर जोडला तर लाईट गेल्यावरही काही तास चालतं. आमच्याकडे आता हेच आहे आणि आईच्या खोलीची काळजी बरीचशी यानेच मिटली.

बूस्टर लावू नका. ऑनलाइन मिळतात, शहरातले काही दुकानदारही गळ्यात मारतात, पण परवान्याशिवाय असा बूस्टर बसवणं बेकायदा आहे. आणि त्याच्या गोंगाटाने अख्ख्या वाडीची रेंज बिघडते. आपल्या माजघरासाठी शेजाऱ्याचा फोन बंद पाडायचा हे योग्य नाही.

तिसरं: लाईट गेली की रेंज गेली

हे आमचं मूळ दुखणं. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, आणि 'पोर्ट मारून टाक' हा सल्ला सगळ्यात जास्त फसतो तोही इथेच.

नोंदींत स्पष्ट दिसलं: लाईट गेल्यावर साधारण अडीच तासांनी रेंज जायची. आधी उणे ९८, मग एकदम काहीच नाही. हळूहळू घट नाही, धाडकन शून्य. याचा अर्थ सिग्नल कमजोर नव्हता, टॉवरची बॅटरी संपत होती. टॉवरवर बॅटरी असते, बऱ्याच ठिकाणी जनरेटरही असतो. बॅटऱ्या जुन्या झाल्या की आठ तासांच्या जागी दोन तास टिकतात. डिझेल वेळेवर आलं नाही की जनरेटर नुसता उभा.

आता मुद्दा असा. आपण समजतो प्रत्येक कंपनीचा टॉवर वेगळा. पुष्कळदा तसं नसतं. टॉवर उभे करणाऱ्या कंपन्या निराळ्या असतात आणि एकाच टॉवरवर दोन-तीन कंपन्या आपापले अँटेना भाड्याने लावतात. बॅटरी एक, डिझेल एक, महावितरणचं कनेक्शन एक. तिथे कंपनी बदलणं म्हणजे त्याच एसटीत एक बाक सोडून दुसऱ्या बाकावर बसणं. गाडी बंद पडली की दोघेही उतरणार.

आमच्या सड्यावरच्या टॉवरवर तीन कंपन्या आहेत हे मला डिझेल घेऊन येणाऱ्या माणसाकडून कळलं. तुम्ही घरबसल्या पाहू शकता. दूरसंचार विभागाचं 'तरंग संचार' नावाचं पोर्टल आहे. नकाशावर आपलं गाव काढलं की आसपासचे टॉवर दिसतात आणि त्यांवर कोणत्या कंपन्या, कोणतं तंत्रज्ञान आहे ते कळतं. शिवाय ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, २०२४ च्या सेवा-दर्जाच्या नियमांनुसार कंपन्यांनी आपल्या संकेतस्थळावर टू-जीपासून फाइव्ह-जीपर्यंतच्या व्याप्तीचे नकाशे ठेवायचे आहेत. नकाशा बघा, पण तो घराबाहेरचा आहे आणि दरीतल्या घराची कथा त्याला ठाऊक नाही, हे लक्षात ठेवून बघा.

तर लाईट गेल्यावर रेंज जात असेल, तर पोर्ट करण्याआधी एकच प्रश्न विचारा: ज्या कंपनीकडे जायचंय तिचा टॉवर वेगळ्या जागी, वेगळ्या वीजवाहिनीवर आहे का? असेल तर जा. नसेल तर थांबून चिकाटीने तक्रार करा, आणि ती करताना 'रेंज नाही' असं म्हणू नका. 'अमुक तारखेला वीज गेल्यावर इतक्या वाजता सेवा बंद झाली, इतक्या वाजता आली, असं महिन्यात सात वेळा झालं' असं म्हणा. आम्ही वाडीतल्या अकरा घरांच्या नोंदी एकत्र करून दिल्या. त्यानंतर सातव्या आठवड्यात टॉवरवर नव्या बॅटऱ्या आल्या. आता पाचेक तास टिकतं. पूर्ण समाधान नाही, पण अडीचचे पाच झाले.

चौथं: रात्री आठ ते साडेदहा

आकडा उणे ९२, म्हणजे चांगला, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो जात नाही. पहाटे पाचला तेच नेट धावतं. हे गर्दीचं लक्षण. रस्ता चांगला आहे, पण सगळ्या गाड्या एकाच वेळी आल्या. गणपतीत तर विचारू नका. चाकरमानी आले की वाडीत चार पट फोन होतात आणि आरतीचा व्हिडिओ प्रत्येकाला त्याच क्षणी पाठवायचा असतो.

ओळखायची पद्धत सोपी. पहाटे आणि रात्री, एकाच जागी उभं राहून वेग मोजा. ट्रायचं 'मायस्पीड' अ‍ॅप आहे, त्यात मोजलेलं ट्रायकडेही जातं. आकडा दोन्ही वेळी तोच आणि वेग मात्र दहावा हिस्सा, तर गर्दीच.

गर्दीवर दोन्ही मार्ग चालतात. टॉवरवर नवा बँड चढवला किंवा टॉवरला फायबर आलं तर खरोखर फरक पडतो. पुष्कळ डोंगरी टॉवर आजही फायबरऐवजी मायक्रोवेव्हच्या गोल तबकडीवर चालतात, तिथे कोंडी टॉवरच्या पुढेच होते. आणि कमी गिऱ्हाइकांच्या कंपनीकडे गेलात तरी लगेच मोकळं वाटतं. फक्त ते मोकळेपण कायमचं धरू नका. जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी दर वाढवले तेव्हा पुष्कळ लोक एकदम बीएसएनएलकडे वळले. तुम्हाला सुचलं ते शेजाऱ्यालाही सुचतं.

दुसरं कार्ड घालून बघणं

पोर्ट करणं म्हणजे आधी लग्न, मग ओळख. उलट क्रम शक्य असताना तसं का करावं? आजचे बहुतेक फोन दोन सिमचे आहेत. ज्या कंपनीकडे जायचा विचार आहे तिचं नवं, वेगळ्या नंबरचं कार्ड घ्या, २८ दिवसांचं साधं रिचार्ज मारा आणि दुसऱ्या खाचेत घाला. जुना नंबर चालूच राहतो. एकाच फोनमध्ये, एकाच जागी, दोन्ही कंपन्यांचे आकडे शेजारी शेजारी दिसतात. दुकानदार, जाहिरात, मेहुणा, कुणाच्याही शब्दावर विसंबावं लागत नाही.

मात्र त्या २८ दिवसांत खोलीखोलीत मोजा, बागेत मोजा, लाईट गेल्यावर मुद्दाम मोजा. एखादा जोरदार पावसाचा दिवस त्यात यायला हवा. मी दुसऱ्या कंपनीचं कार्ड घातलं तेव्हा पहिले दहा दिवस खूश होतो, अंगणात उणे ८५. अकराव्या दिवशी लाईट गेली आणि दोन्ही कार्डं वीस मिनिटांच्या अंतराने मेली. तोच सड्यावरचा टॉवर. ती कंपनी मी तिथेच सोडली. तिसऱ्या कंपनीचं कार्ड घातलं. आकडा उणे १०६, दिसायला गरीब. पण ती रेंज नदीपलीकडच्या डोंगरावरच्या टॉवरवरून येत होती आणि आमची लाईट जाऊन रात्र उलटली तरी ती जागेवर होती.

काही न घेता करता येईल अशी एक छोटी चाचणीही आहे. तुमच्या कार्डाची रेंज गेल्यावर फोन काय लिहितो ते वाचा. 'फक्त आणीबाणीचे कॉल' लिहिलं, तर तिथे दुसऱ्या कुणाची तरी रेंज आहे, म्हणजे कंपनी बदलण्यात अर्थ असू शकतो. 'सेवा नाही' असं लिहिलं तर फोनला तिथे कुणाचीच रेंज सापडलेली नाही, आणि पोर्टचे कष्ट बहुधा वाया.

'काम चालू आहे' याची परीक्षा

मला कंपनीकडून 'तीन महिन्यांत सुधारणा' हे उत्तर चौदा महिने मिळत होतं. फोनवरची मुलगी नम्र होती, तिची चूक नव्हती, तिच्यासमोर जे लिहिलेलं होतं ते ती वाचत होती. मग मी प्रश्न बदलला. नक्की कसलं काम? नवा टॉवर, आहे त्या टॉवरवर फोर-जी, नवा बँड, फायबर की बॅटरी? तुमच्या दुखण्याचा इलाज त्या कामात आहे का ते मग ताडून पाहता येतं. रात्रीच्या गर्दीवर फायबर उपयोगी, माजघरावर नाही.

काम खरंच होणार असेल तर खुणा दिसतात. रस्त्याच्या कडेला चर खणून केबलच्या नळ्या टाकलेल्या असतात. टॉवरवर माणसं चढतात. उंच पट्टीसारख्या अँटेनांच्या शेजारी नवे चौकोनी डबे दिसू लागतात. ग्रामपंचायतीत खोदाईच्या परवानगीचा अर्ज आलेला असतो, ग्रामसेवकाला विचारा. बीएसएनएलच्या टॉवरबद्दल असेल तर एवढं सांगतो: देशी बनावटीच्या फोर-जीचं उद्घाटन २७ सप्टेंबर २०२५ रोजी ओडिशातल्या झारसुगुडा इथे झालं, सुमारे ९७,५०० टॉवरांच्या हिशोबाने. सरकारने जुलै २०२२ मध्ये मंजूर केलेली, रेंजच नसलेल्या २४,६८० गावांची २६,३१६ कोटी रुपयांची योजनाही त्यातच चालली आहे. म्हणजे ही सुधारणा हवेतली नाही. पण तुमच्या टॉवरवर ती पोचली का हे बातमीवरून कळत नाही, कार्ड घालूनच कळतं.

खुणा दिसत असतील तर थांबा, पण तारीख ठरवून. कालनिर्णयवर त्या तारखेला गोल करा. खुणा नसतील तर थांबू नका.

तक्रार १९८ वर करा आणि तक्रारीचा क्रमांक मागून लिहून ठेवा. समाधान झालं नाही तर तीस दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. ट्राय एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, तिथे अर्ज करून वेळ घालवू नका. त्यापुढे केंद्राचं तक्रार पोर्टल आहे, आणि ग्राहक आयोगही. सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२ च्या निकालात मोबाइल ग्राहकाला ग्राहक आयोगात जाता येतं हे स्पष्ट केलं आहे.

पोर्ट करायचंच ठरलं तर

मेसेजमध्ये इंग्रजीत 'पोर्ट' लिहा, एक जागा सोडा, आपला दहा आकडी नंबर लिहा आणि १९०० वर पाठवा. आठ अक्षर-अंकांचा कोड येतो. हा कोड मेसेजनेच येतो, म्हणून जिथे जुनी रेंज नीट आहे तिथे उभं राहून पाठवा. रिचार्जमध्ये मेसेजची सोय नसली तरी १९०० वर मेसेज जायलाच हवा, असा ट्रायचा डिसेंबर २०२१ चा आदेश आहे. कोड आपल्याकडे चार दिवस चालतो. त्या मुदतीत आधार घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जा. सर्कलच्या, म्हणजे मोबाइल सेवेसाठी पाडलेल्या विभागाच्या, आतल्या पोर्टला तीन कामाचे दिवस लागतात, बाहेरच्याला पाच. मुंबई सोडून उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक सर्कल आहे, मुंबई वेगळं. मुंबईत घेतलेला नंबर गावच्या कार्डावर आणणाऱ्या चाकरमान्यांनी पाच दिवस धरावेत. मन बदललं तर अर्ज केल्यापासून चोवीस तासांत 'कॅन्सल' आणि नंबर लिहून १९०० वरच पाठवता येतं.

कोड आला म्हणजे मुख्य अटी पूर्ण आहेत असं समजायला हरकत नाही. या कंपनीत नव्वद दिवस झालेले हवेत, पोस्टपेडचं बिल थकलेलं नको, आणि १ जुलै २०२४ पासून आणखी एक: हरवल्या-बिघडल्यामुळे सिम बदलून घेतलं असेल तर सात दिवस कोड मिळत नाही. 

पैशाची बाजू: उरलेलं रिचार्ज, शिल्लक, वर्षाचा प्लॅन, काहीही नव्या कंपनीकडे येत नाही. वर्षभराचं रिचार्ज नुकतंच मारलं असेल तर तो तोटा आधी मोजा. आणि ज्या कंपनीकडे गेलात तिथून नव्वद दिवस हलता येत नाही, म्हणून पावसाळ्याच्या किंवा आंब्याच्या तोंडावर हा खेळ करू नका. घरातले सगळे नंबर एकाच वेळी तर मुळीच नको. बदल होताना काही तास फोन बंद राहतो. सिम बदललं की यूपीआयची नोंदणी पुन्हा करावी लागते, त्या दिवशी मजुरांची मजुरी द्यायची असेल तर रोख हाताशी ठेवा.

आता एक गोष्ट जी आमच्याकडे घरोघरी आहे. नंबर वडिलांच्या नावावर, आणि वडील गेलेले. पोर्टसाठी ज्याच्या नावावर कार्ड आहे तोच माणूस लागतो. आमचा पेट्यांचा नंबर, गेली पंधरा वर्षं गिऱ्हाइकांच्या तोंडी असलेला, अण्णांच्या नावावर होता. आधी जुन्याच कंपनीत मृत्यूचा दाखला आणि माझी कागदपत्रं देऊन तो माझ्या नावावर करावा लागला. ते चालू असताना पोर्टचा अर्ज नाकारला जातो. तुमच्याकडे असं असेल तर रेंज चांगली असली तरी हे काम आजच करून घ्या. नंबर हातचा गेला तर बँक, गॅस, आधार, सातबारा, सगळीकडे धावावं लागेल.

आमच्या घरी काय ठरलं

पेट्यांचा नंबर जुन्याच कंपनीत ठेवला. नव्या बॅटऱ्या आल्यात, ग्रामपंचायतीपर्यंत फायबरचा चर खणलाय, थांबण्याला आधार आहे. माझा स्वतःचा नंबर नदीपलीकडच्या टॉवरवाल्या कंपनीत पोर्ट केला. एकाच फोनमध्ये दोन टॉवर झाले, एक पडला तर दुसरा आहे. आई वाय-फाय कॉलिंगवर. तिच्या खाटेच्या डोक्याशी मोठ्या अक्षरात ११२ लिहून लावलंय, आणि लाईट गेल्यावर माझा फोन तिच्या खोलीच्या खिडकीत असतो, कारण तिथे आकडा उणे १०३ येतो.

जुन्या कंपनीला मी दिलेली मुदत दिवाळीची. यंदाच्या गणपतीत रात्री नऊचा वेग मोजून लिहून ठेवणार आहे, फायबर जोडल्यावर पुन्हा मोजणार. फरक पडला नाही तर तो नंबरही हलेल. नाव माझ्यावर झालंय, नव्वद दिवस उलटलेत, आता अडवणारं काही नाही.